सर्व्हरमधली दूरवरून फोडता येणारी फट कशी बुजवावी

१ जुलै २०२४ रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएचमधली, म्हणजे सर्व्हरवर दुरून सुरक्षितपणे लॉगिन करू देणाऱ्या प्रोग्रॅममधली, एक त्रुटी जाहीर केली. तिचा सीव्हीई क्रमांक, म्हणजे जाहीर त्रुटींना मिळणारा ओळख क्रमांक, सीव्हीई-२०२४-६३८७. पासवर्ड ठाऊक नाही, खातं नाही, तरी बाहेरच्या माणसाला थेट रूटचे, म्हणजे मशीनवरचे सर्वोच्च, अधिकार मिळवता येतील, असं तिचं स्वरूप होतं. २००६ साली दुरुस्त झालेली चूक २०२० मधल्या एका बदलातून परत आत शिरली होती. अशा बातम्या येतच राहतात. प्रोग्रॅमचं नाव बदलतं, पण करायच्या कामांचा क्रम फारसा बदलत नाही. स्वतःचा लिनक्स किंवा बीएसडी सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी तो क्रम याच उदाहरणावरून सांगतो. कमांड इथे देवनागरीत आहेत. टाइप अर्थात रोमनमध्येच करायच्या.

आधी बघा, आपल्याला लागू आहे का

सूचनेत प्रोग्रॅम कोणता, आवृत्त्या कोणत्या आणि अटी कोणत्या, हे शोधा. अटी बरेच जण वाचतच नाहीत. वरच्या त्रुटीत ८.५पी१ पासून ९.८पी१ च्या आधीपर्यंतच्या आवृत्त्या सापडत होत्या, त्याही जीलिबसी ही मूळ लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) वापरणाऱ्या लिनक्सवर. ओपनबीएसडीला धक्का लागला नाही.

मग तो प्रोग्रॅम आपल्या मशीनवर बाहेरून येणारी जोडणी स्वीकारतोय का, ते तपासा. लिनक्सवर ‘एसएस -टीएलएनपी’, फ्रीबीएसडीवर ‘सॉकस्टॅट -एल’. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ दिसलं तर ती सर्व्हिस फक्त त्या मशीनपुरती आहे, ०.०.०.० दिसलं तर ती सगळ्या बाजूंनी उघडी. मात्र पुढे उभा असलेला वेब सर्व्हर बाहेरच्या विनंत्या आत पाठवत असेल, तर १२७.०.०.१ बघून निर्धास्त होऊ नका.

आवृत्तीचा आकडा फसवतो

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. अनेक जण घाईने ‘एसएसएच -व्ही’ चालवतात. ती कमांड क्लायंटची आवृत्ती सांगते, आणि ती स्वतःच्या लॅपटॉपवर चालवली असेल तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. सर्व्हरवर जाऊन पॅकेजलाच विचारा: डेबियन-उबंटूवर ‘डीपीकेजी -एल ओपनएसएसएच-सर्व्हर’, रेड हॅटच्या कुळात ‘आरपीएम -क्यू ओपनएसएसएच-सर्व्हर’.

आता उत्तर आलं ८.९पी१. म्हणजे सर्व्हर उघडा पडला? तसं नाही. वितरणं, म्हणजे डेबियन, उबंटू, रेड हॅट, सहसा नवी आवृत्ती आणत नाहीत. जुन्या आवृत्तीतच तेवढी दुरुस्ती शिवून देतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. उबंटू २२.०४ मध्ये दुरुस्त पॅकेजचा मुख्य आकडा ८.९पी१ च राहिला. बदललं ते शेपूट, ‘३उबंटू०.१०’. डेबियन १२ मध्ये ९.२पी१ तसंच राहिलं आणि मागे ‘डेब१२यू३’ लागलं. बाहेरून तपासणारी काही स्कॅनर मुख्य आकडा बघून लाल शेरा मारतात. तो बघून काही जण घाबरून मूळ सोर्समधून नवी आवृत्ती बांधतात आणि वितरणाच्या पॅकेजवर चढवतात. माझ्या मते हा उपाय रोगापेक्षा वाईट, कारण पुढची दुरुस्ती येईल तेव्हा ती आपोआप तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही आणि हे लक्षातही राहणार नाही.

खात्री चेंजलॉगमधून, म्हणजे पॅकेजमधल्या बदलांच्या नोंदीतून, करा. ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर’ चालवून त्यात सीव्हीई क्रमांक शोधा. डेबियन-उबंटूवर पॅकेजच्या डॉक फोल्डरमध्ये कॉम्प्रेस केलेली चेंजलॉग फाइल असते. ती ‘झेडग्रेप’ने चाळता येते. क्रमांक सापडला की दुरुस्ती डिस्कवर आहे. चालू आहे का, हा वेगळा प्रश्न, त्याकडे येऊच.

पॅच यायचा असेल तोवर

पॅच, म्हणजे दुरुस्ती, अजून आला नसेल आणि सर्व्हिस नको असेल, तर ती बंद करा. हवी असेल तर फायरवॉलमधून फक्त आपल्या ठरलेल्या पत्त्यांना किंवा व्हीपीएनला वाट द्या. त्याआधी होस्टिंग कंपनीचा वेब कन्सोल उघडून त्यातून लॉगिन होतंय ना, ते पाहून ठेवा. फायरवॉलचा एक चुकीचा नियम तुम्हालाच बाहेर ठेवू शकतो.

सूचनेत कधी कधी तात्पुरता उतारा दिलेला असतो. या त्रुटीत मुदत संपल्याचा सिग्नल हे मूळ होतं. १२० सेकंदांत लॉगिन झालं नाही की सर्व्हर तो सिग्नल हाताळायला जातो आणि तिथे वापरायला सुरक्षित नसलेली फंक्शन्स चालवतो. हल्लेखोर नेमका तो क्षण गाठायला बघतो. क्वालिसला ३२-बिट मशीनवर त्यासाठी सरासरी १०,००० च्या आसपास प्रयत्न लागले. म्हणून ‘लॉगिनग्रेसटाइम’ शून्य ठेवा, असा उतारा निघाला: मुदतच नाही, तर सिग्नलही नाही. पण मग अर्धवट जोडण्या उघड्या ठेवून कोणीही सगळ्या जागा अडवू शकतो आणि तुम्हालाच आत येता येत नाही. रूट जाण्यापेक्षा ते परवडलं, एवढंच. पॅच बसला की ही ओळ काढायला विसरू नका.

पॅच लावणं

डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घ्या. एसएसएचची दोन सत्रं उघडा. एक कामासाठी, दुसरं नुसतं उघडं ठेवायला. सर्व्हिस रीस्टार्ट केली तरी चालू सत्रं सहसा तुटत नाहीत, त्यामुळे नवं लॉगिन फसलं तर हे दुसरं सत्र कामी येतं.

डेबियन-उबंटूवर आधी ‘एपीटी अपडेट’, मग ‘एपीटी इन्स्टॉल --ओन्ली-अपग्रेड ओपनएसएसएच-सर्व्हर’. रेड हॅट कुळात ‘डीएनएफ अपग्रेड ओपनएसएसएच-सर्व्हर’. फ्रीबीएसडीच्या मूळ प्रणालीसाठी ‘फ्रीबीएसडी-अपडेट फेच’ आणि मग ‘इन्स्टॉल’. ओपनबीएसडीवर नुसतं ‘सिसपॅच’. सगळी प्रणाली अद्ययावत करायचा मोह आज आवरा. काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं, ते कळायला हवं.

कॉन्फिगरेशन फाइल बदलली आहे, जुनी ठेवू की नवी, असं विचारलं तर आधी फरक बघायचा पर्याय निवडा. मग ‘एसएसएचडी -टी’ (टी लहान लिपीतला) चालवा. फाइल बरोबर असेल तर ती काहीच छापत नाही. त्यानंतर सर्व्हिस रीस्टार्ट करा: डेबियन-उबंटूवर तिचं नाव ‘एसएसएच’, रेड हॅटवर ‘एसएसएचडी’. हे नंतरवर टाकू नका. ओपनएसएसएच ९.८ ने प्रोग्रॅमचे दोन तुकडे केले, तेव्हा आर्च लिनक्सला मुद्दाम कळवावं लागलं की अपग्रेडनंतर रीस्टार्ट केलं नाही तर जुना सर्व्हर नवी जोडणी घेणारच नाही. आता तिसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन करून पाहा. ते झाल्याशिवाय आधीची सत्रं बंद करू नका.

डिस्कवर नवं, मेमरीत जुनं

युनिक्समध्ये चालू असलेल्या प्रोग्रॅमची फाइल बदलता येते. नाव नव्या फाइलकडे जातं, पण आधीपासून चालू असलेली प्रोसेस जुनीच प्रत धरून राहते. लायब्ररीच्या बाबतीत हे फार महागात पडतं. एप्रिल २०१४ मधल्या हार्टब्लीडमध्ये त्रुटी ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीमध्ये होती आणि ते वेब सर्व्हर, मेल सर्व्हर, व्हीपीएन अशा कितीतरी प्रोग्रॅमनी उचललेलं होतं. पॅकेज बदललं, वेब सर्व्हर रीस्टार्ट केला आणि मेल सर्व्हर विसरला, तर तेवढी फट तशीच राहिली.

लिनक्सवर ‘एलएसओएफ’च्या निकालात ‘डीईएल’ शोधा. तिथे लायब्ररीचं नाव आलं तर ती प्रोसेस पुसलेली प्रत वापरते आहे. डेबियन-उबंटूवर ‘नीडरीस्टार्ट’ आणि रेड हॅटवर ‘नीड्स-रीस्टार्टिंग’ हेच काम सोप्या भाषेत करतात. यादी लांब असेल, किंवा जीलिबसीच बदलली असेल, तर सरळ रीबूट करा. कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, तर रीबूटशिवाय सहसा गत्यंतर नाही.

कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधून वेगळं चालवायची सोय) वापरत असाल तर त्यांच्यात लायब्ररीची स्वतःची प्रत असते. बाहेरच्या मशीनवर लावलेला पॅच तिथे पोहोचत नाही. इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, नव्याने बांधून कंटेनर पुन्हा उभे करावे लागतात. लायब्ररी पोटातच घेऊन बांधलेले प्रोग्रॅमही ‘एलएसओएफ’ला दिसत नाहीत.

आधीच कोणी आत येऊन गेलं असेल तर

पॅच दार लावतो, आत आलेल्याला बाहेर काढत नाही. या त्रुटीसाठी लॉगमध्ये ‘टाइमआउट बिफोर ऑथेंटिकेशन’ या ओळींची गर्दी दिसते का, ते पाहा. थोड्या ओळी कुठल्याही सर्व्हरवर असतात. एकाच पत्त्यावरून हजारोंनी आल्या तर शंका घ्या. शिवाय ‘ऑथोराइज्ड कीज’ फाइलमधल्या अनोळखी किल्ल्या, नवी खाती, क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतल्या) अनोळखी नोंदी तपासा. ‘आरपीएम -व्ही’ (व्ही मोठ्या लिपीतला) किंवा ‘डेबसम्स’ने बदललेल्या फाइली कळू शकतात. पण रूट मिळालेला हल्लेखोर ही साधनंही बदलू शकतो, म्हणून ठोस खूण सापडली तर साफसफाईच्या नादी न लागता नव्या इमेजवर सर्व्हर उभा करा. किल्ल्या आणि पासवर्ड सगळे बदला. हार्टब्लीडमध्ये तर खूण नसतानाही खासगी किल्ल्या बदलाव्या लागल्या, कारण त्या हल्ल्याचा मागमूस लॉगमध्ये राहत नव्हता.

पुढचे काही दिवस

त्याच सूचनेकडे परत जाऊन बघा. सप्टेंबर २०१४ मध्ये बॅश या कमांड चालवणाऱ्या शेलमधल्या शेलशॉक त्रुटीचा पहिला पॅच अपुरा ठरला आणि लगेच दुसरा सीव्हीई क्रमांक निघाला. सुरक्षा अपडेटपुरती ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ किंवा ‘डीएनएफ-ऑटोमॅटिक’ चालू ठेवा, पण रीस्टार्टचं वेळापत्रक स्वतः ठरवा. आणि ‘ईटीसी’मधली ‘ओएस-रिलीज’ फाइल उघडून आपलं वितरण अजून आधाराखाली आहे का, म्हणजे त्याला सुरक्षा दुरुस्त्या मिळतात का, ते तपासा. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला आणि दुसऱ्याच दिवशी ही त्रुटी जाहीर झाली. त्यातलं ओपनएसएसएच ७.४ म्हणजे बाधित आवृत्त्यांपेक्षा जुनं होतं, म्हणून ते वापरणारे वाचले. अशा मशीनवर पॅच शोधत बसू नका. नव्या आवृत्तीवर स्थलांतराची तारीख ठरवा आणि तोवर पोर्ट बाहेरच्या जगासाठी बंद ठेवा.