आकडे जुळेनात, तेव्हा आधी मोटरचे पाय तपासले

मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगमधला रबरी स्पायडर (मधला चांदणीसारखा तुकडा) तिसऱ्यांदा फाटला, तेव्हा दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का हे मोजायला काट्याचा डायल गेज बाजूला ठेवून वायरलेस लेझर सेन्सर लावले. एक मोटरच्या शाफ्टवर, दुसरा पंपाच्या. शाफ्ट हाताने फिरवला की दोन शाफ्टमधला ऑफसेट (एकमेकांपासून सरकलेलं अंतर) आणि कोन दोन्ही टॅबलेटवर दिसतात. पण दर वेळी आकडे वेगळेच! मी ब्लूटूथवर संशय घेतला, तो चुकीचा होता. मोटरचा एकेक बोल्ट सैल करून पाहिला, तर मागचा डावा पाय ०.१८ मिमी उचलला गेला. म्हणजे बोल्ट आवळला की मोटरची बॉडीच पिळली जात होती. पायाखालचा गंज आणि रंग खरवडला, चुरगळलेल्या पाच शिम (उंची जुळवायला पायाखाली घालायचे पातळ पत्रे) काढून एकच स्वच्छ स्टेनलेस शिम घातली. उचल ०.०३ वर आली आणि रीडिंग लगेच स्थिरावलं.

पंप गरम पाण्याचा, बॉडी पोलादी. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.०१२ मिमी वाढतं. पायापासून शाफ्टपर्यंत अर्धा मीटर, तापमान ४० अंशांनी जास्त, म्हणजे शाफ्ट सुमारे ०.२४ मिमी वर येणार. मोटर त्या मानाने फारशी तापत नाही, म्हणून थंड असतानाच ती तेवढी उंच बसवली. स्पायडर अजून शाबूत आहे.