हँडहेल्डचं वायफाय लागत नाही तेव्हा आधी डीमेसेग वाचा

महापे एमआयडीसीत आमचं काम गोदामात वापरायच्या, लिनक्सवर चालणाऱ्या हँडहेल्डचं, म्हणजे हातात धरून वापरायच्या यंत्रांचं. ठाण्याहून, ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने येणारी नवी मुलं-मुली रुजू होतात आणि बहुतेकांच्या पदरी पहिलं तिकीट (तक्रारीची नोंद) पडतं ते ‘वायफाय दिसत नाही’ हेच. हे लिहिते आहे ते त्यांच्यासाठी.

लगेच नेटवरून ड्रायव्हर उतरवू नका. कुठून तरी आणलेला ड्रायव्हर चढवला की मूळ बिघाड त्याखाली दडतो आणि मग तो शोधणं फार जिकिरीचं होतं. आधी कार्ड मशीनला दिसतंय का ते बघा. यूएसबी कार्डासाठी एलएसयूएसबी (lsusb) ही आज्ञा, पीसीआयसाठी एलएसपीसीआय (lspci). हँडहेल्डमधलं आतलं कार्ड मात्र पुष्कळदा एसडीआयओवर (एसडी कार्डाच्या धर्तीच्या जोडणीवर) असतं. ते या दोन्हींत येतच नाही, त्यामुळे ‘कार्ड मेलंय’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. त्याचा शोध सिस-बस-एसडीआयओच्या (/sys/bus/sdio) फोल्डरमध्ये घ्यायचा.

खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. त्याच नावाखाली पुढच्या आवृत्तीत वेगळी चिप येऊ शकते. खरी ओळख आयडीच्या जोडीत असते: पहिला भाग उत्पादकाचा (०बीडीए म्हणजे रिअलटेक), दुसरा उपकरणाचा. काही डोंगल सुरुवातीला सीडी ड्राइव्ह म्हणून उभे राहतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. यूएसबी-मोडस्विच (usb_modeswitch) ही आज्ञा चालवल्यावरच त्यांचं वायफाय पुढे येतं.

यानंतर डीमेसेग (dmesg), म्हणजे कर्नलच्या, लिनक्सच्या गाभ्याच्या, संदेशांची नोंद, आणि तो सावकाश, ओळ न् ओळ वाचा. ‘फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२’ अशी ओळ दिसली तर बरीचशी लढाई जिंकलीच म्हणा. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही. कार्ड ओळखलं गेलंय, ड्रायव्हरही जागेवर आहे, फक्त चिपमध्ये भरायचा फर्मवेअर नाही. बिल्डरूट किंवा योक्टो या साधनांनी यंत्रात भरायची लिनक्सची इमेज बनवताना फर्मवेअर चिपनिहाय निवडावा लागतो आणि तो राहून जातो. पण फाइल लिब-फर्मवेअरमध्ये (/lib/firmware) डोळ्यांसमोर असूनही हीच ओळ येत असेल तर? तेव्हा ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला आहे का ते तपासा. तसा असेल तर रूट फाइलसिस्टीम (जिच्यात ही फाइल असते ती) माउंट होण्याआधीच तो फर्मवेअर मागतो. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे नंतर चढवायची वेगळी फाइल म्हणून, बांधला की प्रश्न सुटतो. मला या कामाची गोडी लागली ती अशाच गुंत्यांमुळे.

बाहेरचा ड्रायव्हर खरोखरच लागतो, पण क्वचित. रिअलटेकच्या कित्येक यूएसबी चिपना २०२३ मध्ये आलेल्या ६.२ कर्नलपासून मूळ कर्नलमध्येच आधार आहे. त्याहून जुन्या कर्नलवर काम असेल तर मॉड्यूल लॅपटॉपवर क्रॉस-कंपाइल करा (म्हणजे हँडहेल्डच्या प्रोसेसरसाठी बांधा), आणि तेही हँडहेल्डवर आहे त्याच कर्नलच्या सोर्स आणि कॉन्फिगने. नाहीतर ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ ठरलेलंच.

ऑफिसात चालणारं यंत्र तळोज्याच्या गोदामात नेटवर्क दाखवत नसेल तर ड्रायव्हरला हात लावू नका. आधी आरएफकिल (rfkill) ने वायफाय बंद केलेलं नाही ना ते बघा, मग आयडब्ल्यू रेग गेट (iw reg get) ने यंत्रात कोणता देश लावलाय ते. देश यूएस असेल आणि राउटर २.४ गिगाहर्ट्‌झच्या १३ व्या चॅनेलवर असेल, तर यंत्राला तो दिसणारच नाही. भारतात हा चॅनेल चालतो, त्यामुळे देश आयएन करून पुन्हा स्कॅन करा.

तिकिटात कर्नलची आवृत्ती, कार्डाचा आयडी आणि डीमेसेगच्या ओळी जशाच्या तशा चिकटवा.