जुन्या चित्र-पोस्टकार्डाचे साल कसे ओळखावे

ब्लॅकपूल किंवा स्कारबरोसारख्या उत्तर इंग्लंडमधील गावाचे जुने चित्र-पोस्टकार्ड हाती आले, तर आधी त्याची मागची बाजू पाहावी. पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ छापलेली असेल, तर ते कार्ड १९०२ किंवा त्यानंतरचे समजावे. कारण त्यापूर्वी ब्रिटनमध्ये त्या बाजूवर केवळ पत्ता लिहिता येई आणि खुशालीच्या चार ओळी चित्राभोवतीच्या कोऱ्या जागेत दाटीवाटीने बसवाव्या लागत. टपालाचा शिक्का पुसट असल्यास कार्ड खिडकीपाशी तिरके धरून पाहावे. तरीही साल लागले नाही, तर तिकिटाकडे वळावे. एकटे हिरवे अर्ध्या पेनीचे तिकीट बहुधा जून १९१८ पूर्वीचे असते, कारण त्या महिन्यात पोस्टकार्डाचा दर एक पेनी झाला. चित्रही साक्ष देते: ब्लॅकपूलचा मनोरा १८९४ मध्ये खुला झाला, तर तिथले अजस्र फिरते चक्र १८९६ ते १९२८ एवढाच काळ उभे होते. मात्र चित्रावर फार विसंबू नये, कारण छापखाने (व्यवहारी माणसेच ती) जुनीच छायाचित्रे वर्षानुवर्षे पुन्हा छापत. तिकिटाखाली काही लिहिले असेल या मोहाने ते पाण्यात भिजवून काढू नये.