अठरा पूर्ण झालेल्या विशेष मुलाचे पैसे कसे सांभाळावेत

मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. मुलाला शर्टाचे बटण लावता येत नसले तरी संपते. त्याचे मायनर खाते अडते, बँक नव्या सहीचा नमुना मागते, आणि 'मी त्याची आई आहे' एवढ्यावर कोणी पैसे देत नाही. म्हणून पहिले काम कायदेशीर पालकत्वाचे.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर कोर्टात जायची गरज नाही. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, तिचे प्रमुख जिल्हाधिकारी. तिथे अर्ज करायचा. आईवडील करू शकतात, भाऊ-बहीण करू शकतात, नोंदणीकृत संस्थाही करू शकते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र, आधार, फोटो, पालक होणाऱ्याची संमती. वेळ लागतो, पण अवघड काही नाही. कोणी एजंट भाव सांगू लागला तर सरळ उठून या.

डिमेन्शिया झालेल्या वडिलांसाठी किंवा स्किझोफ्रेनिया असलेल्या बहिणीसाठी मात्र ही समिती नाही. आणि अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'मुखत्यारपत्र करून घ्या'. कृपया ऐकू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम 201 नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्रही संपते, म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले त्याच दिवशी ते निरुपयोगी. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमता येत असे. 2017 च्या कायद्यात ती तरतूद राहिली नाही. त्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता आहे, पैशांसाठी नाही. त्यामुळे बरीच कुटुंबे उच्च न्यायालयात याचिका करतात. त्याला वकील हवाच, तेव्हा त्या वाटेबद्दल इथे एवढेच.

आता बँक. खरी झटापट इथे आहे आणि माझीही सगळ्यात जास्त दमछाक इथेच झाली.

समितीने दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्र काउंटरवर ठेवले की समोरचा माणूस ते उलटून मागची कोरी बाजू बघतो, शेजारच्याला दाखवतो आणि म्हणतो, "ताई, हे कशाला? जॉइंट करून टाका ना, आयदर ऑर सर्व्हायव्हर. आजच होईल." बिचारा मदतच करत असतो. तरी नाही म्हणा. एक तर खाते म्हणजे बँकेशी करार, आणि करार करायला माणूस समजत्या मनाचा लागतो. मुलाचा अंगठा धरून उघडलेले खाते पहिल्याच वादात डळमळते. दुसरे, उद्या तुम्ही गेलात की उरतो तो 'सर्व्हायव्हर' म्हणजे तेच मूल, आणि बँक पुन्हा पालक मागते. तिसरे, त्या खात्यात तुमचे किती आणि त्याचे किती हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. वारसदारांमध्ये भांडण लागायला एवढे पुष्कळ झाले.

'धाकट्याच्या नावावर ठेवा, तोच बघणार आहे' हा सल्ला त्याहून वाईट. धाकटा कितीही सज्जन असो, त्याचे कर्ज, त्याचा घटस्फोट, त्याचा मृत्यू हे सगळे त्या पैशाला चिकटते.

हवे ते खाते असे: खातेदार मूल, पॅन मुलाचा, व्यवहार कायदेशीर पालकाच्या सहीने. समितीने दिलेले पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी खाते उघडायला आणि चालवायला ग्राह्य धरावे, असे रिझर्व्ह बँकेने फार पूर्वीच सांगितले आहे. तोंडी वाद घालू नका. अर्ज लेखी द्या, प्रमाणपत्राची प्रत जोडा, पोच घ्या. नकार असेल तर तोही लेखी मागा. निम्म्या वेळा इथेच शाखा व्यवस्थापक बाहेर येऊन खुर्ची देतात. तरीही अडले तर बँकेकडे लेखी तक्रार करा, 30 दिवसांत उत्तर आले नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. आणि मुलाचा हात धरून सही गिरवून घेणे, ते कोणीही सुचवले तरी, कधीही नाही.

खाते झाले की हिशेब. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाची सगळी मालमत्ता, येणी आणि देणी यांची यादी समितीला द्यायची. नंतर दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे 30 जूनपर्यंत, जमाखर्च. बरेच पालक हे देतच नाहीत, आणि कोणी विचारत नाही म्हणून निवांत असतात. एखाद्या नातेवाइकाने अफरातफरीची तक्रार केली की विचारणा होते, आणि पालकत्व काढूनही घेता येते.

मी साधी वही वापरते. एका बाजूला नोंद, समोरच्या पानावर बिल चिकटवलेले: फिट्सच्या गोळ्या, डायपर, स्पीच थेरपीची फी, थेरपीला जायची रिक्षा. औषधाच्या दुकानात बिल मुलाच्या नावाने मागा. रोजच्या जेवणाचा, विजेचा वाटा रुपया-रुपयाने काढत बसू नका; महिन्याची एक वाजवी रक्कम ठरवा, तेवढीच त्याच्या खात्यातून घरखर्चाला वळती करा आणि ती कशी ठरवली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रोख काढणे शक्य तितके टाळा. त्याच्या पैशातून कोणालाही उसने नाही, 'पुढच्या महिन्यात ठेवते परत' असेही नाही.

त्याच्या ठेवींवर टीडीएस कापला गेला तर विवरणपत्र त्याच्या नावाने, प्रतिनिधी म्हणून तुम्ही भरायचे. घर किंवा जमीन विकायची असेल तर नुसत्या पालकत्वाच्या प्रमाणपत्रावर विसंबू नका, आधी वकिलाला विचारा. आईवडिलांपैकी कोणी सरकारी नोकरीत असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मुलाचे नाव आणि अपंगत्व हयातीतच कार्यालयात नोंदवून ठेवा; मागाहून ते सिद्ध करताना भावंडांचे हाल होतात.

तुमच्यानंतर पालक कोण, हे त्या माणसाला विचारूनच ठरवा. पालकत्व वारशाने जात नाही, त्याला समितीकडे नव्याने अर्ज करावा लागेल. मूळ प्रमाणपत्र, पासबुक आणि हिशेबाची वही कुठे ठेवली आहे ते त्याला आजच दाखवा, आणि 30 जूनचा एक हिशेब त्याला शेजारी बसवून पुरा करा.