पायी आणि सायकलच्या वाटा: लोकांना विचारून आखणी कशी करावी

सभागृहात बैठक लावली की तेच ते चेहरे येतात. त्यापेक्षा नकाशाच रस्त्यावर न्या: शाळा सुटताना फाटकापाशी, सकाळी मंडईत, संध्याकाळी बसथांब्यावर. प्रभागाचा मोठा नकाशा छापा आणि रंगीत टिकल्या द्या. हिरवी रोजच्या वाटेला, लाल भीती वाटते तिथे. ‘सायकल ट्रॅक हवा का?’ असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात आणि हाती काही लागत नाही. ‘मुलांना एकटं कुठवर सोडता?’ असं विचारा.

मग लाल टिकल्यांच्या जागी टेप घेऊन जा. विजेचा डीपी बॉक्स, झाड, टपरी वगळून उरते ती मोकळी रुंदी मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांसाठीच्या ‘आयआरसी १०३’ या मार्गदर्शक सूचनांनुसार ती किमान १.८ मीटर हवी. फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, रॅम्पचा उतार १:१२, म्हणजे एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी फुटपाथ खाली उतरत असेल तर माणसं रस्त्यावरूनच चालतात. तिथे फुटपाथ सलग ठेवून गाडीला चढ द्या.

फेरीवाल्यांना वगळून केलेला आराखडा टिकत नाही. त्यांची जागा नकाशातच आखा.

पुण्यात नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकासाठी महापालिकेला कामं सुचवता येतात. ‘फुटपाथ सुधारा’ एवढंच लिहू नका. कुठून कुठपर्यंत, किती मीटर, अडथळा कोणता, हे फोटोसह द्या.