वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या बिलांची तरतूद: हप्ता नेमका किती ठेवायचा?

महिन्याचं गणित विमा, घरपट्टी, शाळेची फी असल्या बिलांनी हमखास कोलमडतं. खरं तर ती अचानक येत नाहीत, तारीख आधीच ठरलेली असते. म्हणून त्यांना आणीबाणीच्या पैशांतून भागवू नका. तो पैसा नोकरी गेली किंवा कुणी आजारी पडलं तर लागतो. या बिलांसाठी दरमहा ठरावीक हप्ता वेगळ्या खात्यात टाकत राहा.

आधी यादी करा. मागच्या 12 महिन्यांची बँक आणि कार्डाची स्टेटमेंट काढून, दरमहा न येणारा प्रत्येक खर्च उतरवून घ्या: रक्कम, शेवटची तारीख, वर्षातून किती वेळा. कार्डावरून परस्पर कापल्या जाणाऱ्या वार्षिक वर्गण्या इथेच सापडतात. दोन-तीन वर्षांनी येणारे खर्च मात्र यात दिसणार नाहीत, त्यासाठी जुनी कागदपत्रं चाळावी लागतील. दरवाढ म्हणून रकमेत दहा टक्के वाढवून धरलेले बरे.

आता हप्ता. सगळी बेरीज करून 12 ने भागायचं, असं सर्रास सांगितलं जातं आणि पहिल्या वर्षी तिथेच फसगत होते. समजा फी 15,000 आहे, दुसऱ्या आणि आठव्या महिन्यात. गाडीचा विमा 9,600 चौथ्यात, घरपट्टी 6,000 सहाव्यात, गाडीची सर्व्हिसिंग 4,800 आठव्यात. वर्षाचे 50,400, म्हणजे महिना 4,200. पण दुसऱ्या महिन्यापर्यंत खात्यात जमतात 8,400 आणि फी आहे 15,000. ही तूट मधे कमी-जास्त होत आठव्या महिन्यात 16,800 वर जाते.

तेवढी रक्कम सुरुवातीलाच टाकता आली तर 4,200 चा हप्ता पहिल्या महिन्यापासून पुरतो. नसेल जमत, तर पहिले दोन महिने 7,500 आणि पुढचे सहा महिने 5,900 भरा. आठव्या महिन्याची बिलं भरली की खातं शून्यावर येतं, पण त्यानंतर 4,200 पुरेसे होतात. तुमच्या आकड्यांसाठीही हेच करा: महिन्यामहिन्याची शिल्लक कागदावर मांडा आणि ती कुठे सर्वांत खाली जाते ते बघा. उणे आली तर तेवढी रक्कम सुरुवातीला हवी.

दुरुस्त्यांची तारीख ठरलेली नसते. तिथे मागच्या तीन वर्षांचा एकूण खर्च 36 ने भागा. जुन्या फ्रिजसारख्या वस्तूसाठी नव्याची किंमत भागिले तो अजून जितके महिने चालेल असं वाटतं तितके महिने. महिन्यांचा अंदाज कमीच धरा.

हे पैसे वेगळ्या बचत खात्यात ठेवा. त्या खात्याचं कार्ड पाकिटात बाळगू नका आणि किमान शिल्लक किती लागते ते आधी विचारून घ्या, नाहीतर खातं रिकामं झालं की दंड बसू शकतो. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळती होण्याची सूचना बँकेला देऊन ठेवा. महिनाअखेरीस उरलं तर टाकू, यावर विसंबणाऱ्यांचं खातं रिकामंच राहतं. शेअर बाजारात हा पैसा घालू नये, कारण बिलाची तारीख बाजार वर येण्याची वाट बघत नाही. मुदत ठेव चालेल, पण तिची मुदत बिलाच्या आधी संपणारी हवी. मधेच मोडली तर व्याज कमी मिळतं.

खात्यात बरीच रक्कम दिसू लागली की ती बचत वाटायला लागते आणि कुणीतरी त्यातून सुट्टीचं बुकिंग करतं. म्हणून वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक बिलाचा स्वतंत्र रकाना ठेवा: फीचे इतके, विम्याचे इतके. सगळ्या रकान्यांची बेरीज खात्यातल्या शिल्लकेएवढीच यायला हवी. एका रकान्यातून दुसऱ्यात उसने घ्यावे लागले तर तेही लिहा.

एखाद्या महिन्यात पूर्ण हप्ता जमणारच नसेल, तर उशीर झाल्यास संरक्षण तुटतं किंवा दंड लागतो ती बिलं आधी धरा. विमा सर्वांत वर, सर्व्हिसिंग पुढे ढकलता येते. आणि बिल भरलं की त्याच दिवशी वहीतली रक्कम आणि तारीख बदला. वर्षातून एकदा येणारं बिल 600 ने वाढलं असेल तर पुढच्या महिन्यापासून हप्ता 50 ने वाढवायचा.