टोमॅटोच्या वावरात लसूणघास टाकण्याआधी

आमच्या निफाडकडं टोमॅटो निघाला की त्याच वावरात गाईंसाठी लसूणघास टाकतात. ठिबक असतं, खताचा अंश उरलेला असतो. पण मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी, म्हणजे मातीतली डोळ्यांना न दिसणारी बारीक कृमीही तिथंच असते, आणि तिला घासही चालतो. घास तीन-चार वर्षं राहतो, त्यामुळं जे करायचं ते पेरणीआधीच.

टोमॅटोची झाडं खुरप्यानं मुळांसकट काढा, धुऊन बघा. गाठी दिसल्या तर ती मुळं वावरात गाडू नका, वाळवून जाळा.

उभा घास जागोजागी पिवळा, खुरटा दिसला, कापणीनंतर फुटवा रेंगाळला, तर तिथलंही मूळ बघा. इथं हमखास फसगत होते, कारण घासाला नत्र देणाऱ्या चांगल्या गाठीही असतात. त्या मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात, बोटानं चोळल्या की सुटतात, फोडल्या तर आत गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं. ओढाल तर मूळ तुटेल, गाठ सुटायची नाही.

खात्रीसाठी मुळांजवळची वीतभर खोलीची ओलसर माती पाच-सहा ठिकाणांहून घ्या. पावशेर माती, थोडी मुळं, पिशवीत बांधून सावलीत ठेवा. खताच्या तपासणीसारखी ती वाळवायची नाही. कृमी मेल्या की अहवाल खोटाच चांगला येतो. कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर राहुरीच्या विद्यापीठात विचारा.

एप्रिल-मेमध्ये खोल नांगरून ढेकळं तापू द्या. पावसाळ्यात पूर्ण वावरात दाट झेंडू लावा. बांधाकडेच्या दोन ओळींनी काही होत नाही. जिवंत मुळं दोन-तीन महिने जमिनीत राहिली पाहिजेत. आपोआप उगवलेला टोमॅटो मात्र उपटत राहा, नाहीतर कृमी त्यावर तग धरते. दसऱ्याला फुलं बाजारात जातात, तो पैसाही सुटतो. मग झाडं बारीक करून गाडा आणि घास पेरण्याआधी एकरी ४०० किलो निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळलेल्या शेणखतासोबत द्या.

द्राक्ष-टोमॅटोसाठी आणलेलं सूत्रकृमीनाशक घासात अजिबात सोडू नका. तीन-चार आठवड्यांनी तोच घास गाईच्या पोटात आणि पुढं दुधात जातो.

भाड्याचा रोटाव्हेटर बांधावर आला की आधी पाती धुऊन घ्या. दुसऱ्याच्या वावरातली माती त्यावरूनच येते.